आराम छे?

पहिली चक्कर गंजाडच्या पुढे आली. रस्ता सरळ होता, मोकळा होता, आणि एकदम डावीकडे कलला. स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं, आणि आधी पायांमध्ये ठेवलेला केकचा खोका उघडून बघितला. क्रीम जागच्या जागी होतं. मग डोक्यात शिरलं, आत्ता थोड्या वेळापूर्वी माझ्या मागे लेक बसली होती.

लेकीला आशागडच्या शाळेत सोडायचं, चारोटीच्या हॉटेलात केक पोचवायचा, तिथेच गाडी लावून कंपनीची बस पकडायची आणि तलासरीला दिवसभर उभं राहून माल तपासायचा, हा माझा रोजचा दिवस. केक पहाटे उठून करायचे. हा जोडधंदा माझा हट्ट. घरची चिकूची वाडी नवरा बघतो, मला कोणी राबायला सांगितलं नव्हतं. पण कंपनीत मला कोणी नावाने ओळखत नाही आणि केकवाली म्हणून सगळा डहाणू ओळखतो. ती चटक वाईट. डबा बऱ्याचदा तसाच परत यायचा. पाणी तर मुद्दाम कमी प्यायचे, कारण बायकांचं बाथरूम कंपनीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि जागा सोडली की सुपरवायझरचं तोंड बघवत नाही.

चक्कर पुन्हा आली, मग येतच राहिली. घरी बोलले नाही. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी पहिला ओव्हन माळ्यावर टाकला असता. डहाणूत दवाखान्यात गेले असते तर मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली असती. म्हणून तलासरीतलेच एक डॉक्टर गाठले. वयस्कर, गुजराती, बोलणं मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकत्र. त्यांनी एक गोळी दिली, आठवड्याने बोलावलं.

गेले तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "केम बेन, आराम छे?"

मी साताऱ्याकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझं गुजराती भाजीबाजारापुरतं. पण छे म्हणजे आहे, हे मला येत होतं. तेवढ्यानेच घात केला.

"आराम कुठला, डॉक्टर!" मी म्हटलं. "नावालासुद्धा नाही."

त्यांचा चेहरा उतरला. एकाच्या दोन गोळ्या केल्या. आणि मी, वेडी, बाहेर येऊन बाकावर बसून डोळे पुसले. माझ्या आरामाची चौकशी आजवर कोणी केली नव्हती हो!

दोन गोळ्यांनी डोकं कापूस भरल्यासारखं झालं. चारोटीच्या नाक्यावर ट्रक हॉर्न वाजवायचा आणि तो मला उशिरा ऐकू यायचा. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "आराम छे?" मी म्हटलं, "छे कसला! होता तोही गेला." तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पुढच्या वेळी घरच्या कोणाला तरी घेऊन या, डोक्याचा फोटो काढावा लागेल.

डोक्याचा! त्या दिवसापासून लेकीला मी स्वतःची वेणी घालायला शिकवायला घेतलं. बापाचा नंबर पाठ करून घेतला. ती हसत हसत म्हणून दाखवायची, मला ऐकवायचं नाही. आणि रोज सकाळी गाडीवर बसली की माझी ओढणी तिच्या कमरेभोवतून घेऊन माझ्या पोटाशी गाठ मारायचे, म्हणजे पोर पडणार नाही. एक दिवस सासूबाई पायरीवरून बघत होत्या.

"काय गं, झोपते का ती गाडीवर? बांधतेस कशाला?"

"पडू नये म्हणून."

"आणि तू पडलीस तर?"

तोवर मला हे सुचलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं सुचलं. मी गाठ सोडली. तिथेच अंगणात रडत सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ओव्हनचं नावही काढलं नाही. आत जाऊन लुगडं बदललं आणि माझ्याबरोबर तलासरीला आल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "आराम छे?" मी म्हटलं, "नाही हो, कुठला आराम, पहाटे उठते ती..." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, ते बरं वाटतंय का विचारतायत! आराम म्हणजे गुण पडला का!" मग त्या डॉक्टरांशी भराभर गुजरातीत बोलल्या. त्या जन्मल्यापासून बोलतात, त्यांना काय. डॉक्टर आधी हसले, मग गोळ्या कमी केल्या. रक्त तपासायला सांगितलं, पाणी, जेवण, झोप सांगितली. महिनाभर बघू, म्हणाले, तरी चक्कर आली तर फोटो काढावाच लागेल. मग सावकाश, शुद्ध मराठीत विचारलं, "आणि तुमच्या भाषेतला आराम? तो करता का?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले नाही. हॉटेलला आज केक नाही असं कळवलं, आणि दिवसभर काही तरी चोरल्यासारखं वाटलं. चक्कर आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी एक केक केला, खोका पायांशी ठेवला, गाडी काढली. लेक दप्तर अडकवून आली. हातात ओढणी, बांधून घ्यायला सवयीने कंबर पुढे केलेली. आजीने तिला नवा शब्द शिकवला होता, तो तिला फार आवडला होता.

"आई, आराम छे?"

छे म्हणणार होते. ओठांवर आलंही होतं. रस्ता सरळ दिसत होता, पण तो त्या दिवशीही सरळच दिसत होता.

"माहीत नाही गं," मी म्हटलं, आणि किल्ली काढून घेतली. "चल, रिक्षाने जाऊ."