खोट्या हिऱ्याची दाढ

कराडच्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्या मोडक्या दाढेवर झिर्कोनियाची कॅप बसवायची ठरवली, तेव्हाच मला शंका आली. बायकोच्या कानातल्यांतला अमेरिकन डायमंड म्हणजेही झिर्कोनियाच, असं सोनारानं सांगितलं होतं. त्यातला एक खडा न्हाणीत पडून तडकला होता.

"म्हंजी खोटा हिरा माझ्या तोंडात बसवताय व्हय?" मी विचारलं.

ते चिडले नाहीत, त्यामुळे संशय वाढलाच. म्हणाले, पदार्थ जवळपास तोच, पण आतल्या स्फटिकांची रचना वेगळी. खड्यातल्या रचनेतून उजेड आरपार जातो. कॅपमध्ये चीर पडू लागली, तर तिथले स्फटिक रूप बदलून फुगतात आणि चिरेला आवळून धरतात.

दगड फुगतो म्हणे. मी मान डोलावली, विश्वास ठेवला नाही.

कॅप बसली. घरी येऊन मी शेतातला ऊस मुद्दाम त्याच बाजूच्या दाढांखाली धरला आणि जोर लावला. कट्‌कन आवाज झाला.

"बघ, फसवलं का न्हाई," मी बायकोला म्हणालो.

तिनं तोंडात बॅटरी मारली. कॅप जशीच्या तशी होती. तुटली होती ती शेजारची, माझी स्वतःची दाढ.