सारंगाचा मुलगा

मन्सूर सारंग सोळाव्या वर्षी राजिवड्याहून मुंबईला गेले आणि तिसऱ्या दिवशी विलायतेच्या बोटीवर डेक धुऊ लागले. एकोणिसाव्या वर्षी निकाह झाला, सत्ताविसाव्या वर्षी चिऱ्याचं घर उभं राहिलं. पुढे ते सारंग झाले, डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. बोटीवर कोणाला घ्यायचं ते त्यांच्या शब्दावर ठरे. आसपासच्या वाड्यांतली साठएक मुलं त्यांनी समुद्रावर नेली. स्वतःचा मुलगा तेवढा राहिला; तो हाताशी येईपर्यंत ते समुद्र सोडून घरी बसले होते.

अयूबचा जन्म १९०८ चा. शाळा पुरी झाली, आणि एकविसाव्या वर्षी खलाशाची वही, जिच्यात दर सफरीचा शिक्का पडतो, त्याच्या हातात आली. पण पुढच्याच वर्षापासून मालाच्या बोटी बंदरात नुसत्या नांगर टाकून उभ्या राहू लागल्या. मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत तो दोन वर्षं राहिला. सकाळी भरतीच्या कचेरीबाहेर उभं राहायचं आणि दुपारी परतायचं. अखेर वहीत एकही शिक्का नसताना तो घरी आला. रझियाशी त्याचं ठरलेलं होतं. तिच्या वडिलांचं म्हणणं एवढंच, पहिली सफर होऊ दे, मग निकाह.

"बोट नाही म्हणजे काय? समुद्र आटला?" मन्सूर विचारीत.

"बोटी आहेत, बावा. माल नाही."

"का, माणसं जेवायची थांबली? तू मागे उभा राहत असशील, पुस्तकात तोंड घालून."

निकाहानंतर मागच्या अंगाला वेगळी खोली काढावी, असं अयूबने एकदा सुचवलं, तेव्हा तर ते हसतच सुटले. "आम्ही तीन भाऊ एका पडवीत नांदलो. मध्ये शिडाच्या कापडाचे पडदे. ह्याला भिंत हवी!"

"त्या पडद्यामागे मी काय सोसलं ते मला विचारा," आतून अयूबची आई हाजरा म्हणाली. "भिंत हवीच."

१९३३ च्या फेब्रुवारीत बातमी आली की, याकूब सारंग मुंबईत माणसं भरतो आहे. याकूबला चौदाव्या वर्षी मन्सूरनीच बोटीवर घेतलं होतं. मन्सूरनी कोट चढवला आणि अयूबला घेऊन आगबोटीने निघाले. वाटेत ते एकदाच बोलले. "माझ्या शब्दाला तो नाही म्हणणार नाही."

याकूबने त्यांना मिठी मारली, गादीवर बसवलं, स्वतः उठून चहा दिला. मग मान खाली घालून म्हणाला, "चाचा, तुम्ही मला घेतलंत तेव्हा मला साधी गाठ मारता येत नव्हती. तेव्हा साहेब विचारीत नसे. आज वही उघडून बघतो. खाली पायरीवर बारा-बारा वर्षं काम केलेले बसलेत. कोरी वही मी साहेबापुढे कशी ठेवू?"

"माझा मुलगा आहे तो."

"म्हणून तर लाज वाटते." याकूबने वर पाहिलं. "एक जागा आहे. माझ्या हाताखाली टंडेल हवाय, जाणता. तुमचं नाव साहेबाला अजून आठवतं. तुम्ही येता?"

अयूबला वाटलं, बावा आता उठून चालू लागतील. कालचं पोर त्यांना हाताखाली घ्यायला निघालं होतं. पण त्यांचे खांदे आपोआप मागे गेले आणि अठ्ठावन्न वर्षांच्या त्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की अयूबने नजर खिडकीबाहेर वळवली.

"दाढी काळी करावी लागेल," याकूब म्हणाला.

कलप अयूबनेच लावला. गाववाल्यांच्या खोलीत, भर दुपारी, गळ्याभोवती जुनं फडकं बांधून मन्सूर स्टुलावर बसले.

"कानामागे राहिलं असेल, बघ."

"बघतोय."

"तुझ्यासाठीच जातो आहे मी. घर चालायला हवं."

"हो."

"पुढच्या सफरीला तुझं काम करतो. याकूब शब्द मोडायचा नाही."

अयूब कानामागे कलप लावत राहिला. पायरीवरची माणसं त्याने पाहिली होती. त्यांतला सगळ्यात तरुण त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता.

तो एकटाच परतला. धक्क्यावर हाजरा त्याच्या मागे बघत राहिली, मग त्याच्याकडे.

"म्हाताऱ्याला पाठवून तू आलास?"

"त्यांनाच घेतलं, अम्मा."

आठवड्याने रझियाचे वडील आले. रागावले नव्हते. ओसरीवर बसून त्यांनी पोह्यांची बशी पुरी केली, समुद्राची, पिकाची चौकशी केली. मग हाजराला म्हणाले, "लांज्याकडे एक शिक्षक आहे. पगार थोडा आहे, पण आहे. मन्सूरभाईंशी बोलल्याशिवाय मी पाऊल उचललं नसतं. पण ते वर्षभर यायचे नाहीत. घरात दुसरं बोलायला कोण आहे?"

अयूब दोन हातांच्या अंतरावर बसला होता.

खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली, त्यात लग्न ठरताना रझियाला घातलेली अंगठी. ती त्यांनी हाजराच्या हातात दिली. हाजराने ती अयूबपुढे धरली. त्याने घेतली. मग ती ठेवायची कुठे हे त्याला कळेना. त्याची पेटी, सफरीसाठी नवे कपडे आणि कांबळं भरलेली, बावा बोटीवर घेऊन गेले होते. त्याने अंगठी मुठीत धरली आणि पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायला उठला.