तीन पंपांची विहीर

“लाइन गेली त इंजिन हाये, डिझेल सरलं त ऊन हाये. तिन्ही एकाच वक्ती कायले बंद पडतीन?”

शेजारचे भगवानकाका आत काकूंना समजावत होते. निवृत्तीचे पैसे कुठे लावायचे, हा विषय. मी ओसरीवर चपला काढताना ऐकलं.

काका आता नाहीत. केनवडला त्यांच्या विहिरीवर मात्र तिन्ही अजून आहेत: जुनं डिझेल इंजिन, विजेची मोटर आणि सोलरच्या प्लेटा. सगळी नोकरी लाइनमन म्हणून खांबावर काढलेला हा माणूस विजेवर कधी विसंबला नाही. नवं आलं म्हणून जुनं काढायचं नाही, ही त्यांची रीत. पैसेही त्यांनी तसेच लावले. थोडे तेलाच्या कंपनीत, थोडे सोलरच्या, थोडे मोबाइलवरच्या डिजिटल नाण्यात. “एक बसलं त दुसरं चालते,” म्हणायचे.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून संध्याकाळी मोबाइलवरचं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मत कुणी विचारत नसे. मला ते बरंच वाटायचं.

मग मंदीची भीती पसरली आणि तिन्ही आकडे लाल झाले. घाबरलेल्या माणसांना हातात रोकड हवी असते, म्हणून जे विकलं जाईल ते विकतात आणि सगळंच पडतं, अशी एक बातमी मी वाचली. काकांनी मान हलवली. पण नाणं आणखी पडलं तसे तोटा सावरायला, त्यातच आणखी पैसे टाकायचे म्हणून त्यांनी सोलरचे शेअर विकले, मग तेलाचे. विहिरीवर मोटर जळाली म्हणून प्लेटा विकायचं त्यांच्या मनातही आलं नसतं.

पारावर गजाननभाऊ विचारायचे, “काय लाइनमन, मोबाइलच्या विहिरीले पाणी लागलं का नाई?”

“लागन न बापा. तू बादली धुऊन ठेव.”

लोक हसायचे. घरी मात्र काका भिंतीला टेकून बसत आणि तेच पान पुन्हा वाचायला लावत. मीही वाचून वाचून थकले होते.

शेवटी राहिली काकूंची सोन्याची पोत. ती रिसोडला सराफाकडे मोडायची आणि पैसे नाण्यात टाकायचे, असं काकांनी ठरवलं.

“माह्यं नाई ऐकत थे,” ते मला म्हणाले. “तू शिकेल हायेस. तू सांग तिले, काई होत नाई म्हणून.”

काकूंनी पोत काढून पदरात धरली होती. गळा एकदम उघडा दिसत होता. त्या काकांकडे बघतच नव्हत्या.

“सांग वं माय, देऊ का?” त्यांनी मला विचारलं.

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही.

“नका देऊ, काकू,” मी म्हणाले. “एवढं तरी याच्या बाहेर राहू द्या.”