पयला घास भावाच्या घरचा

बेळगावच्या एका कॉलेजात मायाप्पा पांढऱ्या उंदरांचे पिंजरे झाडायचा. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तिथला डॉक्टर एका उंदराला विजेचा चटका देऊन जोडीदाराजवळ सोडायचा. जोडीदार धावत यायचा, अंगाला अंग लावून त्याची मान चाटत बसायचा. मग डॉक्टर त्या जोडीदाराच्या मेंदूत, पुढच्या बाजूला दोन भागांच्या मधे, बारीक तारेनं एक जागा जाळायचा. जखम भरली की पुन्हा तोच खेळ. आता शेजारी थरथरतोय आणि हा निवांत दाणे खातोय.

"खातंय, पितंय, वाट हुडकतंय," मायाप्पा सांगायचा. "फकस्त दुसऱ्याचं दुखणं कळंना झालंय."

"तुझ्या डॉक्टरला टिळकवाडीत धाड," मी म्हटलं. "न जाळताच लई मिळतील."

त्याला ते झोंबलं. टिळकवाडीत त्याचा धाकटा भाऊ भीमाप्पा राहायचा. आमच्याच वस्तीतला, चळवळीच्या जोरावर साहेब झालेला, आणि आता दारावरच्या पाटीवर आडनाव न लिहिणारा.

त्या हिवाळ्यात मायाप्पाची बायको पारूबाई काविळीनं गेली. भीमाप्पा मातीला आला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि तिथनंच स्कूटरवरून परतला. आमच्यात माती झाल्यावर घरात चूल पेटत नाही. बाहेरून भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की माणूस परत माणसांत आला.

शेजारची जयाबाई भाकरी-पिठलं घेऊन आली. मायाप्पानं हात आखडला.

"ऱ्हाऊ द्या आक्का. पयला घास भावाच्या घरचा. भीमा पाठवंल."

"त्यो पाठवायचा न्हाय," मी म्हटलं.

"तुला भाऊ न्हाय. तुला काय कळतंय?"

"तुला हाय. दिसतोय की."

"गप बसा की रं दोघंबी," जयाबाई म्हणाली. "भाकरी गार व्हाय लागल्यात."

मायाप्पा पाण्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी भीमाप्पाच्या ऑफिसातला प्यून सायकलवरून आला. कागदात गुंडाळलेला बेकरीचा पाव त्यानं उंबऱ्यावरूनच पुढं केला.

मी त्याच्या जागी असतो तर तो पाव त्याच सायकलला बांधून परत धाडला असता. मायाप्पानं दोन्ही हातांनी घेतला.

"आलं न्हवं का? पाठवलं न्हवं का भीमानं?" म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून कोरडाच चावत बसला.

प्यून निघाला होता. मी त्याला थांबवलं. "साहेबांना सांग, मायाप्पानं खाल्लं."

तो म्हणाला, "तसं काय इचारून ये म्हणून साहेबांनी सांगितलं न्हाय."