महेंद्रची गाडी चढ चढेना

लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग जयपूरच्या एका आर्मी वर्कशॉपमध्ये झालं. बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे मी याच शहरात, मानसरोवरला वाढले, इंग्रजी शाळेत शिकले. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे एकटे हवालदार शिंदे, साताऱ्याचे. "मॅडम, तुमचं मराठी अजून लर्निंग लायसन्सवर आहे," म्हणायचे. मी हसून हिंदीत उत्तर द्यायचे.

०६०० वाजता हजेरी. शेवटचं नाव महेंद्रचं, हुद्दा नाईक. दोन वर्षांपूर्वी डोंगरी रस्त्यावर अडकलेला ट्रक ओढून काढताना दरड कोसळली, त्यात तो गेला. त्याची जुनी मोटरसायकल आमच्या शेडमध्ये होती. त्याच्या वडिलांना ती डोळ्यांसमोर नको होती. शिंदे त्याचं नाव पुकारत आणि किक मारत. पाच मिनिटं इंजिन जागेवर चालू. मग पुसून कव्हर. पहिल्या किकला गाडी चालू झाली नाही की मागून कोणीतरी म्हणे, "उस्ताद, सो रहा है." महेंद्र हजेरीला नेहमी उशिरा यायचा.

सीटवर कोणी बसायचं नाही, हा शिंदेंचा नियम होता.

एका शुक्रवारी महेंद्रच्या वडिलांचा फोन आला. सोमवारी गावच्या शाळेत महेंद्रचा पुतळा बसणार होता. ते रविवारी येऊन गाडी स्वतः चालवत नेणार होते. गाव अरवलीत, शेवटचे चार किलोमीटर चढाचे.

१५०० वाजता, शिंदेंचा नियम त्या दिवसापुरता बाजूला ठेवून, मी रोड टेस्टला निघाले. सपाटीवर ठीक. नाहरगडच्या चढावर गिअर उतरत गेले: थर्ड, सेकंड, फर्स्ट. थ्रॉटल पूर्ण उघडा, वेग वीसच्या खाली. मग गाडी बंद पडली.

"पेट्रोल?" परत आल्यावर मी विचारलं.

"सकाळीच बदललं, मॅडम."

"एअर फिल्टर?"

"साफ."

प्लग काळा होता. किक जड लागत होती, म्हणजे कॉम्प्रेशन शाबूत. क्लच घसरत असता तर इंजिनचा आवाज चढला असता. तसं झालं नव्हतं. चाकं मोकळी फिरत होती. मी सायलेन्सरमागे तळहात धरला आणि शिंदेंना थ्रॉटल द्यायला सांगितलं. धूर जोरात लागायला हवा होता. हळूच फुंकर मारावी तसा लागला.

सायलेन्सर उतरवला. आत ओलसर काजळी ठासून भरली होती; धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून चढावर जोर लागत नव्हता. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही. रोज थोडी काजळी, थोडं पाणी. दोन वर्षं.

जॉब कार्डवर 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. 'जुनी गाडी' लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण मग गावी वडिलांनीही ती अशीच उभी ठेवली असती.

"काय लिहिताय, मॅडम?"

"हवालदार साहेब..." मी पेन रकान्यावर टेकवलं.

"मीच बिघडवली ना?"

"न चालवता चालू ठेवल्यामुळे," मी मराठीत म्हणाले.

त्यांनी बोटाने थोडी काजळी खरवडून पाहिली. "लिहा. कारण खोटं लिहिलं की गाडी परत वर्कशॉपला येते."

शनिवारी त्यांनी सायलेन्सर स्वतः खरवडला. नवा प्लग बसवला. ११०० वाजता हेल्मेट उचललं.

"टेस्ट मी घेतो."

ते सीटवर बसले. सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. पन्नास मिनिटांनी परत आले.

"थर्डमध्ये चढली," एवढंच म्हणाले आणि आधीच स्वच्छ असलेली टाकी पुसत बसले.

रविवारी वडील आले. "सोचा था, पुतले के पास खड़ी कर दूँगा," ते म्हणाले.

"नहीं, बाबूजी. चलाइए. दूध लेने भी इसी पे जाइए," शिंदे म्हणाले.

वडिलांनी मान हलवली, किक मारली आणि गेटबाहेर पडले.

सोमवारी ०६०० वाजता शिंदेंनी हजेरी घेतली. शेवटच्या नावापाशी थांबले. शेडमधली जागा रिकामी होती, जमिनीवर तेलाचा एक डाग.

"नाईक महेंद्र."

मागच्या रांगेतून आवाज आला.

"रोड टेस्ट पर है, उस्ताद."

शिंदेंनी तसंच लिहिलं.