दुसऱ्या कंपायलरने पकडलेली ओळ

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. लॅबमधल्या मशीनची रीडिंग रोज कॉम्प्रेस करून, म्हणजे कमी जागेत कोंबून, साठवायची असतात. त्यासाठीची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता प्रोग्राम, मी सोर्स कोडवरून, म्हणजे त्याच्या मूळ मजकुरावरून, स्वतः बिल्ड केली होती आणि वर त्यात माझ्या चार ओळीही घुसडल्या होत्या. नसता शहाणपणा, दुसरं काय!

आठवड्यापूर्वी लॅबमधला जुना कॉम्प्युटर बदलला. नव्यावर लायब्ररी पुन्हा बिल्ड केली, तर जुनी एकही फाइल उघडेना. त्या फाइली पेन ड्राइव्हवरून लॅबच्या ताईंनी आणल्या होत्या. चिंचणीहून येतात, वीस वर्षं झाली नोकरीला. कॉपी पुरी व्हायच्या आत त्यांनी पेन ड्राइव्ह ओढला असणार, असं मीच साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. जुनी डिस्क तोवर पुसून झाली होती. सोमवारी तपासणी. रेकॉर्ड मिळालं नाही तर ताईंना घरी बसावं लागेल, असं साहेब सगळ्यांसमोर बोलून गेले.

शनिवारी दुपारी ताई माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. मला वाटलं, भांडायलाच आल्या.

"भाऊ, आमी शंका आली की तीच टेस्ट दुसऱ्या माणसाकडून करून घेतो. तुमच्याकडं दुसरा कोणी नाय?"

माणूस नव्हता, पण दुसरा कंपायलर होता. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्राम. यांची समजूत तरी पटेल, म्हणून तीच लायब्ररी मी त्याच्याकडून बिल्ड करायला घेतली. माझा नेहमीचा कंपायलर निमूट काम करायचा, कारण त्याच्या इशाऱ्यांची कटकट नको म्हणून ते मीच बंद करून ठेवले होते. हा मात्र पहिल्याच मिनिटाला बोलला: या ओळीतलं व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची जागा, वापरलंय, पण त्यात सुरुवातीची किंमत भरलेलीच नाही.

ओळ माझी होती. जुन्या कॉम्प्युटरवर त्या जागी नशिबाने शून्य सापडायचं, नव्यावर काहीबाही.

तिथे शून्य लिहिलं, दोन्ही कंपायलरनी नव्याने बिल्ड केलं आणि सर्वांत जुनी फाइल उघडून पाहिली. आकडे सरसर उतरले. मग दुसरी, तिसरी. सगळ्या धडधाकट! जिवात जीव आला. हसू की रडू, मला कळेना.

साहेबांना बोलावलं आणि ताईंसमोरच म्हणालो, "चूक माझी. ताईंचा काही संबंध नाही." हे बोलायला मला आठवडा लागला, पण बोलल्यावर केवढं हलकं वाटलं! साहेब "बरं, बरं" म्हणत निघून गेले.

ताई खुर्चीतून उठल्या नाहीत. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "घरी सगळ्यांना मीच सांगत होते, घाई माझ्याकडूनच झाली. भाऊ, तो पेन ड्राइव्ह मी ओढलेला मला आठवायलासुद्धा लागला होता."