जोसेफने सांभाळलेली डावी बाजू

बोर्ली पंचतनजवळ डुकरांसाठी लावलेल्या तारेत बिबट्या अडकला, तेव्हा वनखात्याचा डॉक्टर येईपर्यंत मी गर्दी मागे ठेवली. बिबट्या सुटून रानात गेला. शेजारच्या नानांनी विचारलं, "हवालदार, एका जनावरापायी एवढं कशाला?" मी त्यांना फौजेतलं, काँगोचं सांगितलं.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आमची कंपनी पूर्व काँगोत, एका अभयारण्याच्या कडेला होती. काम रोजचं. रस्ता उघडा ठेवणं, पेट्रोलिंग, रेंजर्सना एस्कॉर्ट. रेंजर्सचा प्रमुख जोसेफ. भारतीय तुकड्यांबरोबर फिरून तो मोडकंतोडकं हिंदी शिकला होता. आमचा डाळभात त्याला आवडे, लोणचं अजिबात नाही.

एका सकाळी त्याचा निरोप आला. शिकाऱ्यांच्या तारेच्या फासात सिंहीण अडकली होती. तिथे सिंह मोजकेच उरले होते, आणि हिला पिल्लं होती. केनियाहून जनावरांची डॉक्टर आली होती. तिला तिथवर नेणं आमचं काम. मी दहा जवानांचं सेक्शन घेऊन निघालो. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, उरणचा नाईक म्हात्रे.

डॉक्टरने लांबून भुलीचं इंजेक्शन मारलं. सिंहीण आडवी झाली. डॉक्टर तार कापायला बसली. तेवढ्यात समोरच्या झाडीतून फायर आलं. शिकाऱ्यांची टोळी परतली होती. मी रेडिओ उचलला.

"बेस, अल्फा वन. काँटॅक्ट. ओव्हर."

"अल्फा वन, डॉक्टरला बाहेर काढा. ओव्हर."

डॉक्टर मान वर न करता म्हणाली, "आता सोडली तर ही मेली."

मी आजूबाजूचं मैदान पाहिलं. आडोसा नव्हता.

"बेस, उघड्यावरून हलणं जास्त धोक्याचं. पोझिशन होल्ड करतो. ओव्हर."

"रॉजर. होल्ड. मदत निघाली."

आजही मी तेच करीन.

डावी बाजू मोकळी होती. जोसेफने ती आधी हेरली. "हवालदार साब, उधर मैं जाता. आप डॉक्टर देखो." एका वारुळाआडून तो एकेक राउंड नेमाने मारत राहिला. म्हात्रेने सलग मारा करून झाडी दाबून धरली. टोळी पांगली. तार कापून झाली होती; डॉक्टर भूल उतरवायचं इंजेक्शन देऊन मागे सरली.

"सायेब, उठली!" म्हात्रे ओरडला. "चालते हाय!"

सिंहीण लंगडत गवतात गेली. मी डावीकडे हाक मारली. मग वारुळाकडे धावलो. जोसेफ वारुळाला टेकून बसला होता. छातीत गोळी. शांतिसेनेतल्याच उरुग्वेच्या पायलटने हेलिकॉप्टर अगदी जवळ उतरवलं. तरी उशीर झाला होता.

दफनाच्या दिवशी जोसेफच्या बायकोने दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, "ती जगली का?"

"जगली," मी म्हणालो. "पिल्लांपाशी पोहोचली. तुमच्या रेंजर्सनी पाहिलं."

तिने मान हलवली.

शवपेटीला पुढे दोन रेंजर, मागे मी आणि म्हात्रे. ती माणसं उंच. माझा खांदा खाली पडे, पेटी मागे कलायची. मी चवड्यांवर चालत राहिलो, कबरीपर्यंत.